चालत्या कॅम्पर व्हॅनमधला गॅसचा फ्रिज: मराठवाड्याच्या रस्त्यांवर तो सुरक्षित कसा वापरावा

तुळजापूरहून सकाळी निघायचे, बीडला जेवायचे आणि संध्याकाळी वेरूळला मुक्काम करायचा. दिवसभर गाडी धावणार, मग मागचा फ्रिज गॅसवर चालू ठेवला तर चालेल का? कॅम्पर व्हॅन घेतलेल्या किंवा जुन्या ट्रॅव्हलरमध्ये संसार बसवलेल्या प्रत्येकाला हा प्रश्न पडतो. तांत्रिकदृष्ट्या फ्रिज चालतो. तरीही चाक फिरायला लागले की सिलिंडर बंदच असावा, असे आमचे मत आहे. मराठवाड्यातली अंतरे दिवसभरात उरकणारी आहेत आणि तेवढा वेळ फ्रिज थंड ठेवायला ज्योत लागत नाही. ती कशी टाळायची, आणि कोणाला ठेवायचीच असेल तर कोणत्या अटींवर, ते पुढे सांगितले आहे.

आधी यंत्र ओळखा

घरच्या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर असतो. गॅसच्या फ्रिजमध्ये एकही हलणारा भाग नसतो. मागच्या बाजूला वेल्डिंग करून कायमची बंद केलेली नळ्यांची जाळी असते आणि तिच्यात अमोनिया, पाणी व हायड्रोजन भरलेला असतो. खालच्या बॉयलरला उष्णता दिली की पाण्यातला अमोनिया वायू होऊन वर जातो, वरच्या पंख्यांच्या नळीत गार होऊन द्रव होतो, आतल्या भागात हायड्रोजनच्या सान्निध्यात पुन्हा वायू होताना फ्रिजमधली उष्णता ओढून घेतो आणि शेवटी पाण्यात विरघळून बॉयलरकडे परततो. हा सगळा प्रवास गुरुत्वाकर्षणावर चालतो. म्हणून असा फ्रिज तिरपा उभा राहिला की रुसतो.

उष्णता देण्याचे तीन मार्ग असतात: गॅसची ज्योत, २३० व्होल्टचे हीटर आणि १२ व्होल्टचे हीटर. म्हणून याला थ्री-वे फ्रिज म्हणतात. ८० ते १०० लिटरचा फ्रिज दिवसाला साधारण ३०० ते ४०० ग्रॅम गॅस खातो. म्हणजे ५ किलोचा सिलिंडर फक्त फ्रिजला वापरला तर दोन आठवड्यांच्या आसपास पुरतो. ज्योत मेणबत्तीपेक्षा फार मोठी नसते आणि अनेकांना ती निरुपद्रवी वाटते ती यामुळेच.

खरेदी करणार असाल तर फ्रिजच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या पट्टीवरचा हवामान वर्ग वाचा. एसएन आणि एन वर्गाचे फ्रिज बाहेर ३२ अंश सेल्सिअसपर्यंत, एसटी वर्गाचे ३८ पर्यंत आणि टी वर्गाचे ४३ पर्यंत काम करावेत म्हणून बनवलेले असतात. परभणी, नांदेडकडच्या मे महिन्यात एन वर्गाचा फ्रिज म्हणजे नुसते कपाट. विक्रेता काहीही म्हणाला तरी पट्टी स्वतः वाचा.

चालत्या गाडीत ज्योत का नको

कारणे चार आहेत आणि ती सारख्या वजनाची नाहीत.

सगळ्यात मोठे कारण पेट्रोल पंप. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरकते आणि फ्रिजला हवा देणारी खालची झरोक्याची जाळी गाडीच्या बाहेरच्या अंगाला, बरोबर त्याच उंचीच्या आसपास असते. जाळीच्या आत उघडी ज्योत. ड्रायव्हरने इंजिन बंद केले, मोबाइल खाली ठेवला, पण ही ज्योत त्याच्या नजरेसमोर नसते, म्हणून ती विसरली जाते.

त्यात ऑटो बटण असलेल्या फ्रिजची आणखी एक गोम आहे. इंजिन चालू असताना तो १२ व्होल्टवर असतो. इंजिन बंद झाले की स्वतःहून गॅसवर जातो. पेट्रोल पंपाचा विचार करूनच अनेक कंपन्यांनी या बदलाला सुमारे १५ मिनिटांचा विलंब ठेवलेला असतो. पण सणासुदीला पंपावर रांग असली, मधे कोणी चहाला उतरले, तर पंधरा मिनिटे कधीच निघून जातात आणि नेमके पंपाच्या आवारात ठिणगी पडून ज्योत पेटते. सिलिंडरच बंद असेल तर ठिणगी पडेल, पण बर्नर पेटणार नाही. पंपावर मात्र ती ठिणगीही नको, म्हणून तिथे शिरण्यापूर्वी फ्रिज बटणावरूनच बंद करा.

दुसरे कारण अपघात. सिलिंडर चालू असताना गाडी धडकली आणि नळी तुटली, तर गॅस सुटत राहतो. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. तो उडून जात नाही, गाडीच्या तळाशी साचतो. हवेत सुमारे २ ते ९ टक्के प्रमाण झाले की ठिणगीने पेट घेतो. द्रवरूपातला एक लिटर गॅस बाहेर पडून अडीचशे लिटरच्या आसपास वायू होतो, हे ध्यानात घेतले तर छोटी गळतीही छोटी राहत नाही.

तिसरे कारण या भागातले खास आहे: टायर. एप्रिल-मेमध्ये सिमेंटच्या रस्त्यावर, विशेषतः समृद्धी महामार्गावर, कमी हवेचा किंवा जुना टायर भरधाव गाडीत फुटतो. फुटलेल्या टायरचा रबरी पट्टा चाकाच्या कमानीवर चाबकासारखा आदळतो. बॉडी बांधणाऱ्याने सोय म्हणून गॅसची तांब्याची नळी मागच्या चाकाच्या कमानीतून नेलेली असेल, तर ती तुटायला एक फटका पुरतो. आपली नळी कुठून जाते हे गाडीखाली वाकून एकदा बघाच. कमानीतून जात असेल तर ती तिथून हलवणे हे या लेखातले सगळ्यात निकडीचे काम आहे.

चौथे, वारा. ताशी ८० किलोमीटरला खालच्या जाळीतून वारा घुसतो आणि ज्योत विझते. थर्मोकपल (ज्योत पेटलेली आहे का हे तिच्या उष्णतेवरून ओळखणारी कांडी) थंड झाल्यावर सुरक्षा व्हॉल्व्ह गॅस तोडतो, पण त्याला अर्धा ते एक मिनिट लागू शकते. इलेक्ट्रॉनिक ठिणगी असेल तर ती टिक-टिक करत पुन्हा पेटवते, पुन्हा विझते. म्हणजे गॅसवर ठेवून निघालात तरी फ्रिज नीट चालेलच असे नाही.

निघण्याच्या आदल्या दिवसापासून

हा फ्रिज सावकाश गार होतो. रिकामा असताना पूर्ण गार व्हायला आठ-दहा तास, उन्हाळ्यात त्याहून जास्त. म्हणून सकाळी सहाला निघायचे असेल तर आदल्या दिवशी सकाळीच घराजवळ २३० व्होल्टवर लावा. गाडी सावलीत आणि सपाटीवर असू द्या.

आत जे ठेवाल ते घरच्या फ्रिजमधून आधीच गार केलेले असावे. कोमट दुधाची पिशवी आत ठेवली तर ती गार होईपर्यंत बाकी सगळे गरम होते. एक-एक लिटरच्या दोन बाटल्या पाणी भरून (पूर्ण नाही, वर चार बोटे रिकामी) घरच्या फ्रीझरमध्ये गोठवून आणा आणि वरच्या कप्प्यात ठेवा. फ्रिज साधारण दोन तृतीयांश भरलेला असावा. गच्च भरला तर आतली हवा खेळत नाही.

काय भरायचे याचाही विचार करा. धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कोरडा ठेचा यांना प्रवासात फ्रिज लागतच नाही. केशर आंबेही बाहेरच बरे. फ्रिजची जागा दूध, दही, कापलेली भाजी आणि औषधे यांच्यासाठी ठेवा. दार दिवसातून किती वेळा उघडते यावर सगळे अवलंबून आहे. पाण्याची बाटली फ्रिजमध्ये असली की दार सारखे उघडते, म्हणून पिण्याच्या पाण्याला वेगळा थर्मास किंवा डेरा ठेवा.

असा आधी गार केलेला, दार न उघडलेला, गोठलेल्या बाटल्या असलेला फ्रिज हिवाळ्यात पाच-सहा तास काहीही न चालवता तग धरतो. मेमध्ये तीन-चार तासच धरा. अंदाजावर राहू नका, आत शंभर-दोनशे रुपयांचा थर्मामीटर ठेवा. दुधासाठी ५ अंशांच्या आत, न उघडलेल्या इन्सुलिनसाठी २ ते ८ अंश. इन्सुलिन गोठलेल्या बाटलीला चिकटून ठेवू नका, गोठले की ते टाकूनच द्यावे लागते.

१२ व्होल्टची वायरिंग

प्रवासात फ्रिज खरे तर १२ व्होल्टवर चालायचा असतो. तरीही बहुतेक गाड्यांमध्ये 'बाराव्होल्टवर गारच होत नाही' अशी तक्रार असते. फ्रिजचा दोष क्वचितच निघतो, वायर बारीक असते.

हिशेब असा. १७० वॅटचे हीटर १२ व्होल्टला सुमारे १४ अँपिअर ओढते. बॅटरीपासून फ्रिज ६ मीटर लांब असेल तर जाण्या-येण्याची वायर १२ मीटर. दिव्यांसाठी वापरतात ती २.५ चौ. मिमीची तांब्याची वायर घातली तर वाटेतच जवळपास १.२ व्होल्ट, म्हणजे १० टक्के पडतात. हीटरची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने बदलते, त्यामुळे १० टक्के व्होल्टेज पडले की उष्णता १९ टक्के कमी होते. बॉयलर पुरेसा तापत नाही आणि अमोनियाचे चक्र मंदावते. तेच १० चौ. मिमीची वायर घातली तर घट ०.३ व्होल्टच्या आत राहते. वायरमन 'एवढी जाड कशाला' म्हणेल. ऐकू नका.

जोडणी अशी करून घ्या:

१. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतरात. १४ अँपिअरच्या फ्रिजला २० अँपिअरचा. त्याहून मोठा घातला तर वायर तापली तरी फ्यूज उडत नाही.

२. मधे ४० अँपिअरचा रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच. तो इग्निशनवर किंवा अल्टरनेटर चार्ज करू लागल्यावरच ओढला गेला पाहिजे. इंजिन बंद झाले की फ्रिजचा पुरवठा आपोआप तुटला पाहिजे. तसे नसेल तर १०० अँपिअर-तासाची लेड-ॲसिड बॅटरी साडेतीन तासांत निम्म्यावर येते आणि ढाब्यावर जेवून आल्यावर गाडी सुरू होत नाही.

३. निगेटिव्ह वायर चेसिसला न लावता वेगळी, तेवढ्याच जाडीची, थेट बॅटरीपर्यंत. गंजलेल्या बोल्टमधून १४ अँपिअर नीट वाहत नाहीत.

४. टोकांना दाबून बसवलेले लग, म्हणजे धातूची कडी. नुसती पिळून चिकटपट्टी लावलेली वायर खड्ड्यांनी सैल होते आणि तिथेच तापते.

५. शेवटी इंजिन चालू ठेवून, फ्रिज चालू असताना, फ्रिजच्या मागच्या टोकाशी मल्टिमीटर लावा. १२.५ व्होल्टच्या वर दिसायला हवे. फ्रिज बंद असताना मोजलेला आकडा काही कामाचा नाही.

बीएस-६ मधल्या काही गाड्यांचा अल्टरनेटर बॅटरी भरली की व्होल्टेज स्वतःहून खाली आणतो. तिथे जाड वायर घालूनही फ्रिजला कमी मिळते. अशा गाडीत मधे डीसी-टू-डीसी चार्जर, म्हणजे पडलेले व्होल्टेज वाढवून देणारे यंत्र, घालणे हाच इलाज आहे.

एक मर्यादा समजून घ्या. बऱ्याच मॉडेलमध्ये १२ व्होल्टच्या हीटरला थर्मोस्टॅट नसतो, ते सतत चालते आणि असलेला गारवा टिकवते. गरम फ्रिज १२ व्होल्टवर गार करण्याची अपेक्षा ठेवू नका.

निघताना, पंपावर, घाटात

निघताना क्रम महत्त्वाचा आहे. आधी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा आणि बर्नर चालूच राहू द्या, म्हणजे नळीतला उरलेला गॅस जळून जातो आणि ज्योत आपोआप विझते. मग फ्रिजचे गॅसचे बटण बंद करा. इंजिन सुरू करून १२ व्होल्टवर टाका. फ्रिजच्या दाराची प्रवासाची कडी लावा. सिलिंडरच्या कप्प्याचे दार बाहेरून लागले का ते हाताने ओढून बघा. ऑटो बटण असेल तर ते वापरू नका, १२ व्होल्ट हाताने निवडा.

ड्रायव्हरच्या समोर 'गॅस बंद?' अशी चिठ्ठी चिकटवणे बावळटपणाचे वाटेल, पण दोघे आळीपाळीने गाडी चालवत असतील तर तीच कामाला येते.

पेट्रोल पंपावर शिरण्यापूर्वी, आवाराच्या बाहेरच, फ्रिज पूर्ण बंद करा. सीएनजीच्या पंपालाही हाच नियम. बाहेर पडून रस्त्याला लागल्यावर १२ व्होल्ट पुन्हा चालू.

मुंबईकडे जाताना समृद्धी महामार्गावर इगतपुरीच्या पुढे सुमारे ८ किलोमीटरचा बोगदा लागतो. बंद जागेत गळती आणि ज्योत या दोन्ही गोष्टी जास्त घातक, म्हणून तिथे सिलिंडर बंद असण्याला पर्याय नाही. परदेशात कित्येक बोगद्यांत आणि फेरीबोटींवर याच कारणासाठी सिलिंडर बंद ठेवायला लावतात.

घाटाचे गणित वेगळे आहे. गाडी चालू असताना मांजरसुंब्याच्या चढावर फ्रिज तिरपा झाला तरी बिघडत नाही, कारण हलण्यामुळे आतला द्रव एका जागी साचत नाही. त्रास होतो तो अडकून पडल्यावर. कन्नडच्या औट्रम घाटात वाहतूक तुंबली की गाडी चढावर तासन् तास एकाच कोनात उभी राहते. तेव्हा फ्रिज १२ व्होल्टवरही चालू ठेवू नका. बॉयलरला उष्णता मिळत राहते, द्रव मात्र परत येत नाही, बॉयलर कोरडा तापतो आणि पाण्यात गंजरोधक म्हणून घातलेल्या सोडियम क्रोमेटचे खडे होऊन नळी तुंबते. ते नुकसान एकदा झाले की झाले. एका वेळी थोडे, प्रत्येक वेळी थोडे, असा त्याचा साठा वाढतो आणि एक दिवस फ्रिज गार होणे थांबते.

मुक्कामाला गॅसवर घेताना

वेरूळ, औंढा, माहूर, कुठेही थांबलात तरी आधी सपाटी. पातळी बघण्याची छोटी पट्टी फ्रिजच्या फ्रीझरच्या तळावर ठेवा, गाडीच्या फरशीवर नाही. सर्वसाधारण मर्यादा डाव्या-उजव्या बाजूला ३ अंश आणि पुढे-मागे ६ अंश. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत वेगळी दिली असेल तर ती पाळा. काळ्या मातीच्या शेतात गाडी उभी करत असाल तर चाकाखाली फळ्या टाका. रात्री पाऊस झाला की एक बाजू खचते आणि सकाळी फ्रिज गरम सापडतो.

फ्रिजची जाळ्यांची बाजू भिंतीला, कडब्याच्या गंजीला किंवा वाळलेल्या गवताला लागून नको. सायंकाळच्या उन्हाकडेही ती बाजू नको.

मग रेग्युलेटर उघडा, बटण दाबून पेटवा. थोडे थांबून खालच्या जाळीतून ज्योत बघा. निळी आणि स्थिर हवी. पिवळी, काजळी धरणारी किंवा लवलवती असेल तर बंद करा. पिवळी ज्योत म्हणजे अर्धवट ज्वलन, आणि अर्धवट ज्वलन म्हणजे कार्बन मोनॉक्साइड.

तरीही चालत्या गाडीत गॅस ठेवायचा असेल तर

युरोपात, अमेरिकेत कित्येक जण ठेवतात. युरोपात त्यासाठी अपघाताचा धक्का ओळखून गॅस तोडणारा रेग्युलेटर वापरतात, आणि तो सिलिंडरपाशीच बसतो. हे सगळे असेल तरच विचार करा:

सिलिंडर आणि रेग्युलेटर. सिलिंडर उभाच असावा. आडवा पडला की वायूऐवजी द्रव नळीत येतो. कप्पा गाडीच्या आतल्या भागापासून पूर्ण बंद, दार फक्त बाहेरून, आणि तळाला बाहेर उघडणारी कायमची जाळी: कप्प्याच्या तळाच्या २ टक्के, पण कमीत कमी १०० चौ. सेमी. दोन पट्टे, एक खालच्या तिसऱ्या भागाला, एक वरच्या. आपल्याकडचा कमी दाबाचा रेग्युलेटर आणि युरोपातले फ्रिज दोन्ही ३० मिलिबारच्या आसपासचे, त्यामुळे दाब जुळतो. परदेशी रेग्युलेटरचा आटा मात्र आपल्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हला बसत नाही. लेथवर अडॅप्टर करून देणारे प्रत्येक गावात आहेत. करून घेऊ नका.

जादा प्रवाहाने बंद होणारा व्हॉल्व्ह. नळी पूर्ण तुटली तर तो गॅस तोडतो. पण बारीक चीर पडली आणि गळती त्याच्या मर्यादेच्या आत राहिली, तर त्याला काहीच कळत नाही. म्हणून तो जोड उपाय आहे, मुख्य नव्हे.

नळ्या. रबरी नळी आयएसआय शिक्क्याची, तारेची जाळी असलेली सुरक्षा नळी, अर्ध्या मीटरच्या आत आणि फक्त कप्प्यातल्या कप्प्यात. तिच्यावर छापलेले वर्ष बघा, पाच वर्षांनी बदला. पुढे ८ मिमीची तांब्याची नळी, दर अर्ध्या मीटरला रबर लावलेल्या क्लिपने बांधलेली. फरशीतून जाते तिथे रबरी ग्रॉमेट. फ्रिजपाशी वेगळी चावी.

फ्रिजमागची जागा. ती राहत्या भागापासून हवाबंद हवी. हवा खालच्या बाहेरच्या जाळीतून आत, धूर वरच्या जाळीतून बाहेर. तपासायला रात्री फ्रिजमागे टॉर्च लावून ठेवा आणि आतून बघा. प्रकाशाची रेघ दिसेल तिथून धूरही आत येईल. ती फट उष्णता सोसणाऱ्या सीलंटने बुजवा.

दोन डिटेक्टर. गॅसचा फरशीपासून वीतभर उंचीवर, कारण एलपीजी खाली बसतो. कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा, झोपण्याच्या जागेजवळ, त्याच्या पुस्तिकेत दिलेल्या उंचीवर. एकात दोन असलेले यंत्र कुठेही लावले तरी एका कामाला चुकीच्या उंचीवर राहते.

हे सगळे केल्यावरही पेट्रोल पंप, बोगदा, गॅरेज आणि गर्दीच्या यात्रेत सिलिंडर बंदच.

कायद्याचेही पाहा. गाडीच्या रचनेत बदल केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे त्याची नोंद आरसी पुस्तकावर लागते, नाहीतर अपघातानंतर विमा कंपनी तिथेच बोट ठेवते. लाल घरगुती सिलिंडर घरच्या स्वयंपाकासाठी असतो. गाडीसाठी एजन्सीतून किंवा पंपावर मिळणारा ५ किलोचा बिगर-घरगुती सिलिंडर घ्या. मोठ्या सिलिंडरमधून लहानात गॅस उतरवून देणारी दुकाने टाळा: तिथे वजन न करता काठोकाठ भरतात आणि उन्हात द्रव फुगायला जागा उरत नाही. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर चाचणीची मुदत असते. 'सी-२७' म्हणजे २०२७ च्या जुलै ते सप्टेंबरपर्यंत (ए पहिली तिमाही, डी शेवटची). मुदत संपलेला परत करा.

मराठवाड्याचा उन्हाळा

मार्चच्या अखेरीपासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत हा फ्रिज धापा टाकतो. गाडीच्या पत्र्याला लागून मागची जागा बाहेरच्या हवेपेक्षाही तापते. मागच्या वरच्या जाळीशी १२ सेमीचे दोन १२ व्होल्टचे पंखे, हवा बाहेर फेकतील असे, ४५ अंशांना चालू होणाऱ्या थर्मोस्टॅटवर बसवा. दोघांचा मिळून खर्च अर्धा अँपिअरही नसतो आणि फरक आत सरळ जाणवतो. ते बर्नरजवळ खाली लावू नका, ज्योत विझते. दोन्ही जाळ्या प्रत्येकी २५० चौ. सेमीच्या खाली नकोत.

एवढे करूनही मेमध्ये भर दुपारी आत १० अंशांच्या खाली जाईलच असे नाही. ज्यांना उन्हाळ्यातच फिरायचे आहे, किंवा त्या दिवसांत फ्रिजमध्ये औषधे ठेवायची आहेत, त्यांनी गॅसचा फ्रिज घेऊच नये. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज चालू असताना ४-५ अँपिअर घेतो, थांबून-थांबून चालतो, तिरपा झाला तरी रुसत नाही, आणि छतावर २०० वॅटचे सोलर पॅनल आपल्याकडच्या उन्हात त्याला पोसते. गॅसचा फ्रिज हिवाळ्यात लांब मुक्काम करणाऱ्यांसाठी चांगला: आवाज नाही, वीज जवळपास नाही.

देखभाल आणि बिघाड

खराब रस्त्याच्या प्रवासानंतर, नाहीतर दोन महिन्यांतून एकदा, साबणाच्या पाण्याने सगळे जोड तपासा. रेग्युलेटर चालू, बर्नर बंद, ब्रशने फेस लावायचा आणि प्रत्येक जोडावर अर्धा मिनिट नजर. फुगा येईल तिथे गळती. दोन पान्यांनी घट्ट करा, एकाने नळी धरून. तरी फुगा आला तर जोड नवा करा. काडी पेटवून बघायची पद्धत अजूनही आहे आणि ती कोणी केली तर थांबवा.

धूळ हा इथला कायमचा पाहुणा. पावसाळा संपल्यावर बर्नर बघाच: धुराड्यात कुंभारमाशी मातीचे घर करते, बर्नरच्या हवेच्या फटीत कोळी जाळे विणतो, आणि ज्योत पिवळी होते. धुराड्यातली वळलेली पट्टी काढून गोल ब्रशने काजळी झाडा, खाली बर्नर झाकून. जेटमध्ये, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यात, सुई किंवा तार घालू नका. भोक केसभर मोठे झाले तरी गॅसचे प्रमाण बिघडते. स्पिरिटमध्ये बुडवून ठेवा, वाळवा, उघडला नाही तर नवा बसवा.

ज्योत लागते पण बटण सोडले की विझते, तर थर्मोकपलचे टोक ज्योतीत नाही किंवा ते मेले आहे. २३० व्होल्टवर गार होतो आणि गॅसवर होत नाही, तर बर्नर, जेट किंवा दाब. तिन्हीवर होत नाही, तर सपाटी आणि मागची हवा तपासा, मग मागच्या नळ्यांच्या जाळीचा संशय घ्या.

डोळे झोंबणारा अमोनियाचा वास आला, किंवा मागच्या नळीवर पिवळी पूड दिसली, तर नळ्यांची जाळी फुटली आहे. फ्रिज सगळीकडून बंद करा, दारे उघडा, खाली उतरा. पिवळी पूड विषारी असते, हाताने पुसू नका. अशी जाळी वेल्डिंग करून दुरुस्त होत नाही. आत दाबाखाली हायड्रोजन असतो.

एलपीजीचा वास आला तर गाडी रस्त्याच्या कडेला, वस्तीपासून दूर घ्या, इंजिन बंद करा. सगळ्यांना उतरवा, दोन्ही दारे उघडी ठेवा, कोणतेही बटण किंवा पंखा चालू-बंद करू नका, मोबाइल लांब जाऊन वापरा. बाहेरून सिलिंडर बंद करा. एलपीजीच्या गळतीसाठी १९०६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, आग लागली तर ११२. दाराजवळ २ किलोचा कोरड्या पावडरचा अग्निशामक हवा, फ्रिजच्या शेजारी नको, कारण आग तिथेच असेल. गॅसच्या जोडातून ज्वाला येत असेल तर आधी सिलिंडर बंद करा. तो बंद करता येत नसेल तर ज्वाला विझवू नका, लोकांना लांब न्या: विझवलेल्या ज्वालेमागून सुटणारा गॅस साचतो आणि दुसऱ्यांदा पेटतो तेव्हा सगळी गाडी घेऊन जातो.